सुनंदाच्या वाफ्यातला लसूण

अक्का, तुझ्या दहाव्याला पिंपळनेरच्या ओसरीवर बसले होते, तेव्हा शेजारी बसलेल्या एका म्हातारीने मला विचारलं, "तू तिनी कोन?" तुझ्या माहेराकडची असावी. डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढत होती आणि माझ्याकडे निरखून बघत होती. मी जरा अडखळले. वीस वर्षांत हा प्रश्न इतका सरळ मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "मी त्यांच्या जावयाची बायको."

म्हातारीने बोटांवर नातं मोजून बघितलं. मग म्हणाली, "मंग आंडेरच ना!"

आंडेर म्हणजे लेक. मी मान हलवली आणि चहाचा कप तिच्या हातात दिला. तिला खरं सांगायला बसले असते तर तो चहा पार गार झाला असता. तुझी लेक सुनंदा. ती काविळीने गेली तेव्हा तिची पूर्वा दीड वर्षाची होती. पौषात सुनंदा गेली आणि वैशाखात मी लग्न होऊन पाचोऱ्याच्या त्या घरात आले, त्याच खोल्यांत, त्याच ओट्यापाशी. तुझ्या लेकीच्या जागेवर आलेली बाई मी. आणि दहाव्याला तुझ्या ओसरीवर सगळ्यांत जास्त रडलेली बाईही मीच, असं दिलीपभाऊ म्हणतो. भाऊ तुझा मुलगा, तो काही उगीच बोलायचा नाही.

पहिल्यांदा तू आलीस तो दिवस मला आठवतो, कारण मी तुझी वाट बघत नव्हते. दसरा होऊन गेला होता. दारात एक उंच, काळीसावळी, कोरड्या हातांची बाई उभी. पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिंपळनेरहून धुळे, धुळ्याहून पाचोरा, अशा दोन एसट्या करून आलेली. मला माहीत होतं की पूर्वाची आजी कधी ना कधी येणार. ती आल्यावर काय बोलायचं हे मी मनाशी दहादा ठरवलं होतं. पण तू आत येऊन पूर्वाच्या डोक्यावरून हात फिरवलास, पाणी प्यालीस आणि सरळ मागच्या दाराने अंगणात गेलीस. तिथे न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर वीतभर उंचीचे बांध घातलेला एक वाफा होता. सहा महिने मी त्यात भांड्यांची राख टाकत होते.

तू राख हाताने बाजूला केलीस आणि विचारलंस, "बेणं कोठे शे, मंगल?"

बेणं म्हणजे लावणीसाठी राखून ठेवलेला लसूण, एवढं मला कळत होतं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मी, आमच्या घरामागे सिमेंटचा ओटा आणि त्यापुढे दुसऱ्याचा सिमेंटचा ओटा. लसूण म्हणजे बाजारात मिळणारी गोष्ट. पण बेणं कशाला म्हणतात ते मला या घरात आल्या आल्या समजलं होतं. स्वयंपाकघरात आढ्याला लसणाच्या पाच जुड्या टांगलेल्या होत्या. सुनंदाने दिवाळीनंतर लावलेला तो लसूण. ती गेल्यावर फाल्गुनात तू येऊन काढलास, वाळवलास, जुड्या बांधल्यास आणि पुढच्या लावणीसाठी टांगून ठेवलास. तुझे जावई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "तो लसूण राहू दे. तो सुनंदाचा आहे."

मी तुला म्हटलं, "वापरला गेला. मला माहीत नव्हतं."

अक्का, मला माहीत होतं.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. रोज फोडणी टाकताना मान वर केली की त्या जुड्या दिसायच्या. ज्या घरात मी रांधत होते, त्या घरात माझ्या डोक्यावर दुसरीचा लसूण लटकत होता. आषाढात एका दुपारी मी स्टुलावर चढले, पहिली जुडी काढली आणि चटणीला वाटून टाकली. मग दुसरी. श्रावणात घरात लसूण खात नाहीत म्हणून तेवढा महिना थांबले, भाद्रपदात उरलेल्या तिन्ही संपवल्या. तुझे जावई रिकाम्या खिळ्याकडे बघून बाहेर निघून गेले, एवढंच.

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मला वाटतं तुला त्याच वेळी कळलं असावं. तू म्हणालीस, "व्हई जाई." होऊन जाईल. पूर्वाला मांडीवर घेऊन भाकरी खाल्लीस आणि दुपारच्या गाडीने परत गेलीस. मला वाटलं, चिडून गेली, आता येणार नाही. मनातून बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी तू परत दारात उभी. त्याच दोन एसट्या, त्याच चपला. पिशवीत लसणाची मोठी जुडी. तुझ्या वावराच्या बांधाकडचा लसूण. लग्न झाल्यावर सुनंदाला पहिल्यांदा तूच दिलेला, त्याच जातीचा. "आपला तोच शे," म्हणालीस आणि अंगणात जाऊन बसलीस. "ये. बठ."

मी बसले. दुसरं काय करणार होते?

गड्डा कसा फोडायचा हे मी तुझ्याकडून शिकले. आधी बाहेरच्या जाड पाकळ्या वेगळ्या करायच्या, आतल्या बारीक स्वयंपाकाला ठेवायच्या. पाकळीवरचं साल सोलायचं नाही, सोललेली पाकळी मातीत कुजते. वाफ्याची माती भुसभुशीत करून चार-चार बोटांवर, बोटाचं एक पेर जाईल एवढं खोल. "टोक वर, बूड खाले," तू सांगत होतीस आणि मी उलट्या लावत होते. तू मागून येऊन सुलट्या करत होतीस. पूर्वा दोघींच्या मध्ये मातीत बसून पाकळ्या तोंडात घालत होती आणि तिखट लागल्यावर भोकाड पसरत होती. ती रडली आणि आपण दोघींनीही एकदमच हात पुढे केले. ती माझ्याकडे आली. मला त्याचा जो आनंद झाला, तो तुझ्यापासून लपवण्याइतकं शहाणपणही तेव्हा माझ्यात नव्हतं. तू हात पुसलेस आणि पुढची पाकळी लावलीस.

त्यानंतर तू दरवर्षी दोनदा यायचीस. दिवाळीच्या आगेमागे लावणीला आणि फाल्गुनात काढणीला. तू यायचीस त्या दिवशी तुझे जावई काही ना काही काम काढून बाहेर पडायचे. शाळेच्या ऑफिसात ते क्लार्क. त्यांना सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात काम निघायचं. वाईट माणूस नाही, तू पण तसं कधी म्हणाली नाहीस. पण लसणाबद्दलच्या त्या एका वाक्यानंतर त्यांनी सुनंदाचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं. माझ्यासमोर नाही, तुझ्यासमोर नाही. वाफ्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत.

आपली भांडणं मात्र पुष्कळ व्हायची. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी तुला अहो-जाहो करत होते, त्यामुळे भांडणही अदबीने व्हायचं. मी म्हणायचे, "अक्का, तुमचा लसूण फार बारीक. सोलता सोलता नखं दुखतात. नर्सरीतून मोठ्या जातीचा आणू." तू म्हणायचीस, मोठ्या लसणाला वास नसतो, एका भाजीला मूठभर घालावा लागतो. मी एका वर्षी हट्टाने अर्धा वाफा मोठ्या जातीचा लावला. वाढला मस्त. पण मला त्याला पाणी देणं थांबवता येईना. पात पिवळी पडायला लागली की पाणी तोडायचं, असं तू दहादा सांगितलेलं. मला वाटायचं बिचारा सुकतोय, आणि मी बादली ओतायचे. काढायला गेलो तेव्हा निम्मे गड्डे जमिनीतच फुटून त्यांना पुन्हा कोंब आलेले. तुझ्या अर्ध्या वाफ्यालाही माझंच पाणी लागलेलं, तोही सडला. तू खुरपी खाली ठेवून हसलीस, पोट धरून हसलीस. "माया करी करी मारं," म्हणालीस. माया करून करून मारलंस. त्या वेळी मला राग आला होता. नंतर पूर्वाच्या अभ्यासाच्या मागे लागायचे तेव्हा तुझं ते वाक्य मला आपोआप आठवायचं, आणि मी तिच्या खोलीतून बाहेर यायचे.

चौथ्या वर्षी मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. भुसावळहून वहिनी येऊन एक दिवस राहून गेली. तुला कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही, बहुतेक जावयांनीच. लावणीचा महिना नव्हता, काढणीचाही नव्हता. तू आलीस. मला वाटलं तू समजावणार, देवाची इच्छा वगैरे म्हणणार. तू चूल पेटवायला बसतात तशी गॅसपाशी उकिडवी बसायला गेलीस, मग लक्षात येऊन उभी राहिलीस. बाजरीची भाकरी केलीस, तिच्यावर तुपात लालसर तळलेल्या लसणाच्या पाकळ्या घातल्यास. दुपारी आळिवाची खीर. रोज सकाळी अंगाला तेल, डोक्यावर शेक. बाळंतिणीचं सगळं केलंस, पाळण्यात कुणी नसताना. पंधरा दिवस. शेजारच्या बाईने एकदा तुला विचारलं, कशाला एवढं करताय. तू म्हणालीस, "आंग तं तिनंबी दुखस ना." अंग तर तिचंही दुखतंच ना.

त्या पंधरा दिवसांत कधीतरी मी म्हटलं, "अक्का, तुम्ही आता बसा जरा." तू वैतागून म्हणालीस, "माले तुम्ही-बिम्ही नको म्हनू. मी काय साहेब शे का?" तेव्हापासून तू.

पण एका गोष्टीवरचं आपलं भांडण तू-मी झाल्यावरही संपलं नाही. पूर्वाला सांगायचं की नाही. घरात ठरलं होतं की सांगायचं नाही. म्हणजे तुझ्या जावयांनी ठरवलं आणि मी ते लगेच धरून ठेवलं. तिला काही आठवत नव्हतं. ती मला आई म्हणत होती. तू पिंपळनेरची आजी, म्हणजे माझी आई, असंच ती समजून चालली होती. तू ते कधी मोडलं नाहीस. तुझ्या पोटच्या पोरीची पोर तुला विचारायची, "आजी, आई लहानपणी कशी होती?" आणि तू माझ्याकडे बघत सांगायचीस, "भलती हट्टी." सांगायचीस ते सुनंदाबद्दलच, हे मला कळायचं. मी मान खाली घालून गवत उपटत राहायचे.

पूर्वा आत गेली की तू म्हणायचीस, "आज ना सकाय सांगनंच पडी." आज ना उद्या सांगावंच लागेल.

"उद्या सांगू, परवा सांगू, ती मोठी झाल्यावर सांगू. घाई काय आहे?"

"दुसरा कोनी सांगी मंग?"

"कोण सांगणार? तू?"

"मी नही सांगाव," म्हणायचीस. मी नाही सांगणार. आणि खरंच कधी सांगितलं नाहीस. नऊ वर्षं. अक्का, त्या नऊ वर्षांत कितीदा ते शब्द तुझ्या ओठावर आले असतील? तिचं हसणं सुनंदासारखं आहे, असं म्हणावंसं वाटलं असेल, आणि तू दुसरंच काही बोलली असशील. मी स्वतःला तुझ्या जागी ठेवून बघते तेव्हा मला ते एक दिवसही जमत नाही.

पूर्वा अकरा वर्षांची होती. फाल्गुनातला रविवार, सकाळी ऊन तापायच्या आत आपण काढणीला बसलो होतो. पात सुकून माना पडल्या होत्या. तू खुरपीने कडेची माती सैल करत होतीस, पूर्वा पात धरून गड्डा उपटत होती, मी मुळांची माती झटकून सावलीत पसरत होते. तिला शाळेत परसबागेवर काहीतरी लिहून न्यायचं होतं. तिने तुला विचारलं, "आजी, आपल्या घरी हा लसूण पहिल्यांदा कुणी लावला?"

तुझी खुरपी थांबली. तू म्हणालीस, "तुनी मायनी."

तुझ्या आईने. तू खोटं बोलली नाहीस आणि मला अडकवलंही नाहीस. पूर्वा माझ्याकडे वळली. "आई, तू? पण तुला तर आजीनेच शिकवलं म्हणतेस. मग तुझ्या आधी कोण लावत होतं?"

तू खाली मातीकडे बघत होतीस. मला वाट मोकळी ठेवली होतीस तू. आजीने शिकवलं आणि मी लावला, एवढं म्हटलं असतं तर पोरगी पुढचा गड्डा उपटायला लागली असती. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण तुझ्या हाताकडे माझं लक्ष गेलं. सैल झालेली तीच माती तू खुरपीने पुन्हा पुन्हा सैल करत होतीस. नऊ वर्षं तू असंच करत असशील आणि मी पाहिलं नसेल, असं माझ्या मनात आलं.

मी म्हटलं, "मी नाही लावला. तुझ्या आईने लावला. तिचं नाव सुनंदा होतं."

मग मी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे पेललं, ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पूर्वा हातातला गड्डा धरून ऐकत होती. तिचा पहिला प्रश्न मला वाटला होता तो नव्हताच. ती म्हणाली, "म्हणजे आजी तुझी आई नाहीये?"

उत्तर तू दिलंस. "शे ना. तिनीबी शे." आहे ना. तिचीही आहे.

पूर्वाने गड्डा ढिगावर ठेवला आणि आत गेली. संध्याकाळी वडिलांपुढे उभी राहून म्हणाली, फोटो द्या. त्यांनी ट्रंकेच्या तळातून फोटो काढून तिच्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःचे कपडे पिशवीत भरले. "मला आजीबरोबर जायचंय."

पाचोऱ्याच्या स्टँडवर धुळे गाडी लागली होती. पूर्वा खिडकीपाशी जाऊन बसली होती. मी तुला म्हटलं, "तुला हेच हवं होतं ना? ने आता तिला."

हे वाक्य मी परत घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, त्याच दिवशी, किंवा पुढच्या कुठल्याही लावणीला. तू रागावली नाहीस. माझा सुटलेला पदर नीट केलास आणि म्हणालीस, "रडू नको. पोर येई." पोर येईल. आणि गाडीत चढलीस.

त्या दिवसांत मी वाळत घातलेल्या लसणाच्या जुड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. तुझे जावई शाळेतून येऊन गुपचूप जेवायचे. आम्ही दोघंही दाराकडे पाठ करून बसायला शिकलो होतो. आठ दिवसांसाठी म्हणून ती गेली होती. सातव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पूर्वा पुढे आणि मागे तू. पूर्वा दारातूनच म्हणाली, "आई, आजीकडे सकाळी चहा देतच नाहीत, नुसतं दूध. मला चहा कर." आणि हातपाय धुवायला गेली. मी ओट्यापाशी जाऊन आधण ठेवलं, तेव्हा मला पातेलं दिसत नव्हतं.

तू बसलीच नाहीस. हरभरा काढायला माणसं येणार होती, म्हणालीस. पाणी पिऊन लगेच परत निघालीस. फक्त तिला माझ्या दारात सोडायला तू एवढा प्रवास केलास, आणि पुन्हा तेवढाच.

पिंपळनेरला त्या सात दिवसांत तू तिला काय सांगितलंस हे मला नंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. पूर्वा धुळ्याला लॅबमध्ये नोकरीला लागली, तिथून दर रविवारी तुझ्याकडे यायला लागली, तेव्हाची गोष्ट. एकदा ती सहज बोलून गेली. तू तिला सुनंदाच्या साड्या दाखवल्यास, सुनंदाची पाटी दाखवलीस, तिने लहानपणी पडून फोडलेली उंबऱ्याची कड दाखवलीस. मग म्हणालीस, "ती गयी तवय तुले बोलता येत नव्हतं. बोलानं हिनी शिकाडं." बोलायला हिने, म्हणजे मी, शिकवलं. पूर्वा मला म्हणाली, "म्हणून मी परत आले, आई. तसं मी ठरवून आले नव्हते, पण आजी बोलली ना, मग मला घरी यावंसं वाटलं." मी त्या वेळी चपात्या लाटत होते. तशीच लाटत राहिले. माझ्यामागे तू माझी बाजू इतकी भक्कम मांडून ठेवली होतीस आणि मला कधी ऐकवलंसुद्धा नाहीस.

भांडण मात्र तरीही अर्धंच राहिलं. तू शेवटपर्यंत म्हणायचीस, आधी सांगायला हवं होतं, पोर पाच-सहा वर्षांची असताना. मी म्हणायचे, तेव्हा मला जमलं नसतं. कोण बरोबर, ते आता कोण ठरवणार? अजून एक विचारायचं राहिलं. पहिल्या दिवशी, ज्या घरातून लेकीला उचलून नेलं त्या घराची पायरी तू कशी चढलीस? आणि आत मी उभी. मला पाणी मागताना तुझ्या मनात काय होतं? कितीदा विचारावं म्हटलं. दर वेळी वाफ्यात काहीतरी काम असायचं.

गेल्या दिवाळीत तुझ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तू लावणीला आली नाहीस. पूर्वा तुझ्याकडे गेली होती. तिने व्हिडिओ कॉल लावला. मी फोन बांधावर विटेला टेकवून ठेवला आणि पाकळ्या लावायला बसले. तुला फोनमध्ये फक्त माझा हात आणि माती दिसत होती. तरी तू तिकडून ओरडत होतीस, "जवय जवय नको लावू, दूर लाव!" मी म्हटलं, "अक्का, वीस वर्षं लावतेय मी." तू म्हणालीस, "हां, मंग वीस वरीसपासून जवयच लावी ऱ्हायनी." पूर्वाचं हसणं फोनमधून इकडे अंगणात ऐकू आलं. तुझं माझं ते शेवटचं लांबलचक बोलणं. माघात तू दुपारी जेवून आडवी झालीस आणि उठली नाहीस. पूर्वा धुळ्याहून सगळ्यांच्या आधी पोचली. आम्ही आलो तेव्हा तिने तुझे केस विंचरून ठेवले होते.

गेल्या रविवारी लसूण काढायचा होता. आभाळ भरून आलं होतं, अवकाळी पाऊस पडेल म्हणून सगळं एका सकाळीच उरकायला हवं होतं. पूर्वा आदल्या दिवशीच आली. आम्ही दोघी वाफ्यात उतरलो. ती माती सैल करत होती, मी उपटत होते. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. तुझे जावई. रविवार असून घरात होते, हेच नवल. धोतर नेसल्यासारखा लुंगीचा काष्टा घातला होता. म्हणाले, "मी काय करू?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. पूर्वाने त्यांना पाट दिला आणि जुड्या बांधायला सुतळी दिली. ते पाटावर बसले. बांधायला येत नव्हतं. पात हातातून निसटत होती. मग ते मान खाली घालूनच म्हणाले, "सुनंदाने पहिल्या वर्षी मला या लसणावरून झाडलं होतं."

मी हातातला गड्डा तसाच धरला. त्यांच्या तोंडून ते नाव मी वीस वर्षांत फक्त एकदा ऐकलं होतं, खूप आधी, मी नवी असताना.

"का?" पूर्वाने विचारलं.

"लग्नाला सहा महिने झाले होते. ती दुसऱ्या दिवशी लावणी करणार होती, बेणं काढून ठेवलं होतं. मला वाटलं, आपण मदत करावी. ती शेजारी गेली होती, तेवढ्यात मी बसलो आणि सगळ्या पाकळ्या सोलून टाकल्या. स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र. दोन ताटं भरली. ती आली, ताटं बघितली आणि..."

आणि ते थांबले. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चूक झाल्यासारखं तोंड. हातातली सुतळी नुसतीच बोटाला गुंडाळत राहिले. पूर्वाही माझ्याकडे बघायला लागली.

मी वाफ्याच्या बांधावर बसले. म्हटलं, "थांबलात का? मग काय म्हणाली ती?"

त्यांनी बोटावरची सुतळी सोडवली. मग म्हणाले, "म्हणाली, आता हा लसूण तुमच्या डोक्यात लावते, तिथे तरी काही उगवेल." पूर्वा मातीतच मागे कलंडली. ते स्वतः हसायला लागले, डोळे पुसत. सुनंदाने त्या दोन्ही ताटांची चटणी वाटली, गल्लीत घरोघर दिली आणि यांच्या डब्यात पंधरा दिवस तीच घातली. शाळेत यांच्या शेजारी कुणी बसेना. हेडमास्तरांनी यांचं टेबल खिडकीपाशी हलवलं. ते एकेक सांगत गेले आणि मी पुढचं पुढचं विचारत गेले. पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा आम्ही तिघं हसतच लसूण गोळा करून आत पळालो.

अक्का, या घरात सुनंदाचं नाव निघालं आणि कुणी हसलं, असं पहिल्यांदा झालं. ते तुला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले.